रणगाड्यावरचे कागदी कडे

मागील अंकात सहाव्या पानावर आपल्या शाळेच्या वार्षिक प्रदर्शनाची छायाचित्रे आम्ही छापली होती. त्यांपैकी खालच्या कोपऱ्यातील छायाचित्राखाली ‘पाकिस्तानी रणगाड्याची प्रतिकृती’ अशी ओळ होती. ती ओळ चुकीची होती. तो रणगाडा आपल्या भारतीय सेनेचा आहे, टी-५५ जातीचा, १९७१ च्या युद्धातला. चूक सर्वस्वी आमची आहे आणि ज्या तीन विद्यार्थ्यांनी तो केला त्यांची आम्ही मनापासून क्षमा मागतो. नववीतल्या मुलांनी दोन महिने खपून एक वस्तू करावी आणि शाळेच्याच पत्रिकेने तिला शत्रूच्या गोटात नेऊन ठेवावे, याहून वाईट ते काय!

एवढी दुरुस्ती छापून आम्ही थांबलोही असतो. परंतु त्या रणगाड्याचे प्रकरण एका ओळीत मिटण्यासारखे राहिलेले नाही. प्रदर्शनाच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षक महोदयांनी त्याच प्रतिकृतीचे गुण कापले होते. त्यानंतर पालकसभेत त्यावर बरीच बोलाचाली झाली आणि आता विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीपुढे एक नवा नियम यावयाचा आहे. तो असा: ‘बाजारात मिळणारे जोडणीचे तयार संच व त्यांपासून केलेल्या वस्तू प्रदर्शनात स्वीकारल्या जाणार नाहीत.’ या नियमाच्या पहिल्या अर्ध्या भागाशी आम्ही सहमत आहोत. दुसऱ्या अर्ध्या भागाला आमचा विरोध आहे, आणि तो का, हे सांगण्यासाठी मुलांनी काय केले ते नीट सांगावे लागेल.

रणगाड्यांचे असे संच अनेक कंपन्या काढतात. जपानची टामिया ही त्यांतली नावाजलेली. डब्यात प्लॅस्टिकचे सुटे भाग चौकटीला चिकटलेले असतात. ते कापून, घासून, गोंदाने जोडायचे आणि रंगवायचे. बहुतेक संच १:३५ या प्रमाणात असतात, म्हणजे खऱ्या वस्तूचे ३५ सेंटिमीटर ते प्रतिकृतीत एक सेंटिमीटर. (हे विचित्र प्रमाण कोणा गणितज्ञाने ठरवलेले नाही बरे! १९६० च्या दशकाच्या आरंभी टामियाने पँथर नावाचा जर्मन रणगाडा काढला तेव्हा त्याच्या पोटात विजेची मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात एवढा तो केला. नंतर मोजून पाहिले तर ते प्रमाण ३५ च्या आसपास भरले, आणि मग तीच रूढी पडली.) आता डब्यातल्या कागदावर दाखवल्याप्रमाणे भाग जोडले की डब्यावरच्या चित्रासारखा रणगाडा तयार होतो. यात हाताचे कौशल्य लागते, चिकाटी लागते, हे खरे. पण विचार डबा काढणाऱ्याने आधीच करून ठेवलेला असतो. अशी वस्तू प्रदर्शनात ठेवून तिला बक्षीस द्यावे असे आम्हालाही वाटत नाही.

आपल्या मुलांनी मात्र डब्यातला रणगाडा केलाच नाही. डब्यात होता परदेशी टी-५५. त्यांना हवा होता १९७१ च्या डिसेंबरात छांबच्या लढाईत असलेला आपला टी-५५. वरवर पाहता एकच यंत्र. सोव्हिएत बनावटीचे, सुमारे ३६ टन वजनाचे, १०० मिलिमीटर तोफेचे. मग फरक कुठे?

फरक तोफेच्या नळीवर होता आणि त्यामागे एक अडचण होती. चीनने सोव्हिएत टी-५४ वरून स्वतःचा रणगाडा बनवला, त्याला टाइप ५९ किंवा टी-५९ म्हणतात. तो पाकिस्तानकडे होता. टी-५४, टी-५५ आणि टी-५९ ही भावंडेच. तीच बसकी पाठ, तोच कासवासारखा फिरता घुमट, बाजूला तीच पाच-पाच चाके. छांब विभागात आपल्याकडून डेक्कन हॉर्स आणि ७२ आर्मर्ड रेजिमेंट या पलटणी टी-५४ व टी-५५ घेऊन उतरल्या होत्या आणि समोरून टी-५९ येत होते. धूळ, धूर, पहाटेचे धुके, त्यातून हजार मीटरवर दिसणारी आकृती आपली की परक्याची? चुकले तर आपल्याच माणसांवर गोळा. तेव्हा आपल्या सेनेने एक साधी युक्ती केली. टी-५५ च्या नळीच्या मध्यावर पत्र्याचे एक खोटे नळकांडे चढवले. दुरून पाहिले तरी नळीला मधोमध फुगवटा दिसला की रणगाडा आपला.

खोटे का म्हणावे, तेही सांगतो. तोफ उडाल्यावर नळीत जळक्या दारूचा धूर कोंडतो आणि मागचे दार उघडताच तो आत बसलेल्या जवानांच्या नाकातोंडात जातो. म्हणून नळीवर एक पोकळ नळकांडे बसवतात. गोळा पुढे जाताना त्यात वायू दाबाने भरतो आणि गोळा बाहेर पडला की तोच वायू पुढच्या दिशेने सुटून उरलेला धूर तोंडाकडे ओढून नेतो. टी-५५ चे हे खरे नळकांडे नळीच्या अगदी टोकाला असते. मधले नळकांडे धूर वगैरे काही काढत नव्हते. ते केवळ ओळखीसाठी होते.

आमच्या परीक्षक महोदयांनी नेमके यावरच बोट ठेवले. ‘टी-५५ ला नळकांडे टोकाला असते, मध्ये नाही. मुलांनी दुसऱ्या रणगाड्याचा भाग इथे चिकटवला आहे,’ असा शेरा त्यांनी लिहिला. शेऱ्याचे पहिले वाक्य बरोबर आहे. त्यांना रणगाड्यांची माहिती होती, हे त्यावरून दिसतेच. डब्यातल्या रणगाड्याविषयी ते अचूक होते. प्रतिकृतीशेजारी मुलांची चाळीस पानी वही ठेवलेली होती, ती मात्र उघडली गेली नाही. आम्ही तरी कुठे उघडली? छायाचित्राखाली ओळ लिहिताना आम्हीही आकार पाहिला आणि ठोकून दिले. ज्या चुकीपासून वाचण्यासाठी छांबला ते कडे चढवले होते, ती चूक आम्ही पंख्याखाली बसून, चहा पीत केली.

ती वही आम्ही आता पूर्ण वाचली आहे. पहिल्या पानावर त्रैराशिक आहे. खऱ्या टी-५५ चे धड सुमारे साडेसहा मीटर लांब, भागिले ३५, म्हणजे साडेअठरा सेंटिमीटर. मग डब्यातले धड मोजले, ते जुळले का ते पाहिले. पुढे एक गमतीचे गणित आहे, ते विज्ञानाच्या सरांना फार आवडले. लांबी ३५ पट कमी झाली तर वजन किती पट कमी व्हावे? मुलांनी आधी ३५ ने भागले आणि उत्तर आले हजार किलोच्या वर! मग खोडले आहे. खाली ३५ गुणिले ३५ गुणिले ३५ म्हणजे ४२,८७५, आणि त्याने ३६,००० किलोला भागून उत्तर ८४० ग्रॅम. म्हणजे तोच रणगाडा तसाच पोलादाचा, पण १:३५ प्रमाणात केला तर तो किलोभरही भरणार नाही. ती खोडाखोड पाहून आम्हास जितका आनंद झाला तितका स्वच्छ लिहिलेल्या प्रकल्पवह्या पाहून क्वचितच होतो.

खरी मौज पुढे आहे. एका मुलाच्या काकांनी जुनी छायाचित्रे छापून आणून दिली होती. काहींत नळीला मध्ये फुगवटा, काहींत नाही. काहींत मध्ये आहे पण टोकाला नाही! मुले गोंधळली. पंधरा दिवस काम थांबले. मग ध्यानात आले की छायाचित्रे वेगवेगळ्या काळातली आहेत. आपल्या सेनेने पुढे टी-५५ वर १०० मिलिमीटरच्या तोफेऐवजी १०५ मिलिमीटरची तोफ बसवली. त्या तोफेचे धूर काढणारे खरे नळकांडेच मध्याकडे असते. म्हणजे एकाच यंत्राची तीन रूपे झाली: मूळचे, टोकाला नळकांडे असलेले; १९७१ चे, टोकाला खरे आणि मध्ये खोटे; आणि नंतरचे, तोफच बदललेले. मुलांनी छायाचित्रे तीन ढिगांत लावली आणि मधला ढीग समोर ठेवून काम सुरू केले. इतिहासाच्या बाई वर्षभर ‘साधनांची चिकित्सा’ म्हणून जे फळ्यावर लिहितात ते याहून निराळे काय असते?

कड्याची कृती अगदी साधी. एका मुलाच्या वडिलांचा यंत्रमागांच्या सुट्या भागांचा व्यवसाय आहे; त्यांनी लेथवर पितळेचे कडे कातून देण्याची तयारी दाखवली होती. मुलांनी नको म्हटले. वहीच्या कागदाची पट्टी फेव्हिकॉल लावून नळीभोवती गुंडाळली, जाडी छायाचित्राशी जुळेपर्यंत एकेक वेढा वाढवला, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासली, फटी एम-सीलने बुजवल्या. पहिले कडे फार जाड झाले, ते ब्लेडने सोलून काढावे लागले. दुसरे वाकडे बसले. तिसरे सध्या नळीवर आहे.

वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आहेत. डावीकडे ‘हे बदलले आणि का’, उजवीकडे ‘हे बदलले नाही आणि का’. उजव्या रकान्यात लिहिले आहे की डबा टी-५५ए या उपप्रकाराचा होता, त्याच्या घुमटावरील झाकणांच्या कडा जाड असतात, त्या आमच्या छायाचित्रांत स्पष्ट दिसल्या नाहीत म्हणून तशाच ठेवल्या. आपल्याला काय ठाऊक नाही हे लिहून ठेवण्याचे धैर्य आम्हा मोठ्यांच्या अहवालांत किती वेळा दिसते, हा प्रश्न आम्ही कोणाला उद्देशून विचारत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पालकसभेत तीन प्रमुख आक्षेप आले.

पहिला आक्षेप, विकत आणलेल्या वस्तूला स्वतःचे काम कसे म्हणावे. याला उत्तर आपल्याच अंगणात आहे. दिवाळीत आपल्या घरांतून मुले मातीचा किल्ला करतात. महाराष्ट्राबाहेर राहूनही बुरहानपूरच्या मराठी घरांनी ही चाल सोडलेली नाही. दगड, विटा, पोती, वर चिखल, त्यावर अळीव पेरायचे आणि बाजारातून आणलेली मावळ्यांची चित्रे मांडायची. मावळे विकतचे आहेत म्हणून किल्ला मुलांचा नाही असे कोणी म्हणत नाही. पण हेही खरे की बहुतेक किल्ले ‘कुठलाही किल्ला’ असतात. एक उंचवटा, एक बुरूज, वर भगवा, नाव रायगड. त्याऐवजी एखादे वर्षी मुलांनी आपल्या उशाशी असलेला असीरगड करावयाचा ठरवले तर? मग असीरगड, कमरगड आणि मलयगड असे एकाखाली एक तीन भाग दाखवावे लागतील, वाट कोणत्या बाजूने चढते ते जाऊन पाहावे लागेल, आणि बाजारातल्या मावळ्यांपैकी कोणते तिथे शोभतात, कोणते नाही, हा विचार करावा लागेल. ‘कुठलाही’ पासून ‘हाच’ पर्यंत जाण्यात सगळे शिक्षण आहे. डब्यातला टी-५५ हा कुठलाही टी-५५ होता. मधल्या कड्याने तो छांबचा झाला.

दुसरा आक्षेप खर्चाचा. हा आक्षेप आम्हास सर्वांत खरा वाटतो. चांगल्या परदेशी संचाला काही हजार रुपये पडतात आणि आपल्या शाळेत असे अनेक पालक आहेत ज्यांना ते परवडणार नाहीत, परवडावेत अशी अपेक्षाही करू नये. प्रदर्शन म्हणजे पाकिटांची स्पर्धा होता कामा नये. पण त्यावर उपाय बंदी हा नव्हे. शाळेने दरवर्षी दोन संच आपल्या खर्चाने घ्यावेत, चिठ्ठ्या टाकून पाच-पाच मुलांच्या गटांना द्यावेत आणि काम झाल्यावर ते शाळेचे राहावेत. शिवाय वहीची अट पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीलाही लागू करावी. पुठ्ठा आणि मातीतून कुंडी भंडाऱ्याचा छेद करून दाखवणारा गट आणि रणगाड्याचे रूपांतर करणारा गट यांना एकाच मापाने मोजता येते, कारण मोजायचे आहे ते प्लॅस्टिक नव्हे, पुरावा.

तिसरा आक्षेप एका माउलीने मांडला आणि सभा क्षणभर गप्प झाली. ‘मुलांच्या हाती युद्धाची खेळणी कशाला?’ त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. रणगाडा ही माणसे मारण्यासाठी केलेली वस्तू आहे, तिला गोंडस करू नये. छांबची लढाई आपल्यासाठी सुखाची नव्हती हेही मुलांना सांगितले पाहिजे. मुनव्वर तवीच्या पश्चिमेचा तो भाग युद्धानंतर पाकिस्तानकडेच राहिला. मुलांनी वहीत ते लिहिले आहे, लपवलेले नाही. आणि त्या माउलीस आमची एक नम्र विनंती आहे: ते कडे पुन्हा एकदा पाहावे. त्या साऱ्या यंत्रात मारण्यासाठी नसलेली जी थोडीबहुत वस्तू होती ती हीच. आपल्या माणसाच्या हातून आपला माणूस मरू नये एवढ्यासाठी तो पत्रा नळीवर चढवला होता. डब्याप्रमाणे जोडलेल्या रणगाड्यातून हे मुलांना कधी कळले नसते.

विद्यार्थिमित्रांनो, पुढच्या वर्षीसाठी एक विषय आम्हीच सुचवतो. १९४८ साली काश्मीरमध्ये जनरल थिमय्या यांच्या योजनेप्रमाणे लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग ‘स्पॅरो’ यांच्या ७ कॅव्हलरीने स्टुअर्ट जातीचे हलके रणगाडे सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीवरच्या झोजी ला खिंडीत नेले. १ नोव्हेंबर रोजी ते खिंडीतून पुढे घुसले. इतक्या उंचीवर रणगाडे येतील हे शत्रूच्या स्वप्नातही नव्हते. ते श्रीनगरला नेताना वाटेतल्या कच्च्या पुलांना वजन पेलावे आणि कोणाला ओळखू येऊ नये म्हणून त्यांचे घुमट उतरवून वेगळे नेले होते. घुमट उतरवलेला स्टुअर्ट कोणत्याही डब्याच्या चित्रावर आम्ही पाहिलेला नाही. घुमटाखालचे भोक, आतली जागा, वर काय झाकले असेल, हे सारे शोधावे लागेल. स्टुअर्टचेही अनेक प्रकार आहेत. एम ३ मध्ये विमानाचे इंजिन होते तर एम ५ मध्ये मोटारीची दोन कॅडिलॅक इंजिने बसवली आणि ती मावावीत म्हणून मागची पाठ उंच केली. डबा घेण्यापूर्वी पाठ पाहावी!

एक सावधगिरीही सांगतो. नुसते नाव रंगवले म्हणजे रूपांतर होत नाही. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा ‘फामागुस्ता’ नावाचा सेंच्युरियन रणगाडा सर्वांना ठाऊक आहे. पूना हॉर्सचे हे २१ वर्षांचे अधिकारी १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत धारातीर्थी पडले आणि त्यांना परमवीर चक्र मिळाले. मुलांना तो करावासा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हाती येईल त्या सेंच्युरियनवर ते नाव लिहिणे म्हणजे ‘रायगड’ची पाटी कुठल्याही ढिगाऱ्यावर लावणे होय. फामागुस्ता आजही अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, चिलखती दलाच्या केंद्रात जपून ठेवलेला आहे. तिथेच १९९४ साली सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालयही आहे, जिथे सेंच्युरियन, शर्मन, विजयंता आणि युद्धात पकडलेले पॅटन शेजारी शेजारी उभे आहेत. भुसावळ, मनमाड करीत रेल्वेने नगर आपल्याला फार दूर नाही. शाळेची सहल वर्षानुवर्षे त्याच त्या दोन-तीन ठिकाणी जाते; एकदा नगरला नेण्यास हरकत कोणती? मुलांनी फूटपट्टी, वही आणि पेन्सिल घेऊन जावे, इतकेच.

विश्वस्त महोदयांपुढे आमची मागणी लेखी ठेवीत आहोत. नियम असा असावा: डब्यातल्या कागदाप्रमाणे जोडलेला संच स्वीकारू नये, ज्यात विद्यार्थ्यांनी पुराव्याच्या आधारे बदल केला आहे तो स्वीकारावा, प्रत्येक बदलाचे कारण वहीत असावे, न केलेल्या बदलांचेही, आणि परीक्षकांनी वही वाचल्याची सही केल्याशिवाय गुण देऊ नयेत. शेवटची अट थोडी कठोर वाटेल, पण परीक्षकांना मावा-जिलेबी खिलवण्यापूर्वी अर्धा तास वही वाचावयास बसवणे अवघड नाही. या वर्षीच्या प्रतिकृतीचे गुण पुन्हा तपासावेत, हीही विनंती आहे. मुलांनी ती केलेली नाही. आम्ही करीत आहोत.

बैठकीपूर्वी ज्यांना पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी प्रतिकृती आणि वही दोन्ही ग्रंथालयात, दाराजवळच्या काचेच्या कपाटात ठेवली आहेत. किल्ली ग्रंथपाल बाईंकडे मिळेल. कडे थोडे सैल झाले आहे, तेव्हा उचलताना नळीला धरू नये.

— संपादक मंडळ